रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने घर बदललं आणि मला सांगितलंच नाही

भांडुपकरीण

नमस्कार मैत्रिणींनो. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टात. आमचा सकाळचा ग्रुप ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमधला, मधला लेडीज डबा, सेकंड क्लास. त्यातली एक माझी खास. ती ठाण्यालाच चढते, त्यामुळे तिला खिडकी मिळते. मी भांडुपला चढते तोवर उभं राहायलाही जेमतेम जागा असते. घाटकोपर आलं की ती उठते आणि मला बसवते. हे आम्ही कधी ठरवलेलं नाही. फार पूर्वी मला एकदा ताप होता म्हणून तिने जागा दिली आणि मग तसंच चालू राहिलं.

त्या डब्यात आम्ही काय बोललो नाही! मुलांची दहावी-बारावी, माझ्या सासूबाईंचं शेवटचं आजारपण, तिच्या नणंदेची प्रकरणं, पाळी जातानाचा त्रास. परतीला दादरहून भाजी घेऊन ती चढते. मग मांडीवर ओढणी पसरायची, मेथीची जुडी सोडायची, अर्धी तिची अर्धी माझी. देठं पिशवीत, पानं डब्यात. मेथी निवडताना बोलणं कसं सुटतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. हात चालू असतात, नजर पानांवर असते, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. समोरासमोर चहा घेताना जे तोंडातून निघणार नाही ते तिथे सहज निघतं. तिचा नवरा तिच्याशी आठ-आठ दिवस अबोला धरतो, हे तिने मला अशीच मेथी निवडताना सांगितलं होतं. तिच्या आईलाही ते माहीत नव्हतं.

तर मागच्या महिन्यात ग्रुपमधली एक जण मला म्हणाली, "अगं, ती बदलापूरला राहायला गेली ना? माझ्या बहिणीच्याच बिल्डिंगमध्ये आहे." मी म्हटलं, शक्यच नाही, ती तर रोज ठाण्याला चढते. मग सगळं कळलं. नवऱ्याचा धंदा बुडाला, कर्ज फेडायला ठाण्याचा फ्लॅट विकला, आणि दिवाळीच्या आधीच ती मंडळी बदलापूरला भाड्याने राहायला गेली. म्हणजे ती सकाळी बदलापूरहून गर्दीत उभी राहून येते, ठाण्याला उतरते, पूल ओलांडून स्लोच्या प्लॅटफॉर्मवर जाते आणि आमच्या गाडीत तीच खिडकी धरून बसते. मी चढेपर्यंत तिचा तासाभराचा प्रवास झालेला असतो. आणि तरी घाटकोपरला उठून मला बसवते.

हे कळल्यापासून त्या जागेवर बसवत नाही मला.

मागचं सगळं आठवून पाहिलं. ती एकदाही खोटं बोललेली नाही. फक्त घराचा विषय निघाला की हळूच दुसरीकडे न्यायची. पूर्वी त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगच्या गोष्टी रंगवून सांगायची, त्या बंद झाल्या होत्या.

माझा प्रश्न असा. आमची मैत्री पूर्ण बोलण्यावर उभी आहे. एकमेकींच्या घरी जाणं वर्षातून एखाद्या वेळी, तेही हळदीकुंकवाला. नवरे एकमेकांना ओळखत नाहीत. बोलणं सोडलं तर आमच्यात दुसरं काही नाहीच. मग त्या बोलण्यातून एवढी मोठी गोष्ट वगळली गेली, तर बाकीच्याचं मी काय समजायचं? तिला विचारू का? की ती सांगेपर्यंत थांबू? राग नाही आला, पण फार लागलंय. आणि कृपा करून "तिचा खासगी प्रश्न आहे" एवढंच लिहून सोडू नका. ते मलाही कळतं.

लालबागची थोरली

विचारू नकोस, बाळा.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले. एक खोली, पुढे गॅलरी, नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि आमच्या मजल्यावर तर घरटी एक माणूस गिरणीत. संप संपला असं कोणी जाहीर केलंच नाही, नोकऱ्या तेवढ्या गेल्या.

चाळीत कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं. शेजारच्या खोलीतून फोडणीचा वास येईनासा झाला. माझ्या सासूबाईंनी तिला कधी "तुमच्याकडे काय झालं गं?" असं विचारलं नाही. पातेलं घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या सुनेला अंदाजच नाही बघ, डाळ आजपण जास्त करून ठेवलीय. घे थोडी, नाहीतर टाकायला लागेल." माझ्या नावावर ती डाळ रोज जास्त व्हायची. मी नवी होते, एकदा चिडले. तर मला म्हणाल्या, "तुझ्या नावाला बट्टा लागला तरी चालेल. तिची मान खाली जायला नको."

पुढे त्या शेजारणीने पापड लाटायचं काम धरलं. गिरगावात 1959 साली सात जणींनी सुरू केलेलं लिज्जत तोवर खूप वाढलं होतं, सकाळी पीठ आणायचं, घरी लाटायचं आणि वाळवून दुसऱ्या दिवशी देऊन यायचं. हातात स्वतःचे पैसे येऊ लागल्यावर एका दुपारी गॅलरीत बसून तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. मंगळसूत्र कधी गहाण पडलं, नवऱ्याने हात कधी उगारला, पोरांना पाणी पाजून कधी निजवलं. मी आतून ऐकत होते. सासूबाईंनी "मला माहीत होतं" असं एकदाही म्हटलं नाही. पहिल्यांदाच ऐकतोय असं सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "मग?" म्हणत.

तुझी मैत्रीण सांगेल. तिला सांगण्याजोगं होऊ दे.

कळवा_खारेगाव

ताई, तुमच्या सासूबाईंना मनापासून नमस्कार. पण मला हे इथे लागू होतं असं वाटत नाही.

चाळीत न बोलता सगळं दिसत होतं. भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं, चूल पेटली नाही ते कळत होतं. म्हणून न विचारता मदत करता आली. ट्रेनच्या मैत्रीत मैत्रीण जेवढी बोलते तेवढीच आपल्याला दिसते. तिची साडी दिसते, डबा दिसतो, त्यापलीकडे काही नाही. तिथे तिने सांगितलं नाही तर आपल्याला कळायला मार्गच नाही. आणि डाळ आडून देता येते, पण बदलापूरहून रोजचा प्रवास करणाऱ्या बाईला आडून काय देणार?

मी असते तर विचारलं असतं. एकटीला गाठून, हळू आवाजात, पण विचारलं असतं. माझी एक मैत्रीण वर्षभर एकटी कुढत राहिली आणि आम्ही सगळ्या "तिला वेळ देऊया" म्हणत बसलो. त्या वेळ देण्याने तिचं काहीही भलं झालं नाही.

शब्दवेडी_पार्ला

मी कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने लिहिते.

भांडुपकरीण, तुम्हाला जे लागलंय ते अगदी ओळखीचं आहे. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ आहेत. बायकांच्या मैत्रीतल्या बोलण्यावर त्यांचं पुस्तक 2017 साली आलं, त्यासाठी त्या 9 ते 97 वयाच्या 80 मुली-बायकांशी बोलल्या. त्यात पुन्हा पुन्हा येणारं दुःख हेच: "तिने मला सांगितलं नाही, दुसऱ्या कोणाकडून कळलं." अनेक बायकांच्या मैत्रीत जवळीक मोजली जाते ती कोणाला काय सांगितलं आणि कोणाला आधी सांगितलं यावर. त्यामुळे बातमी उशिरा कळली की आपली जागाच खाली सरकल्यासारखी वाटते. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींच्या मैत्र्या तपासल्या होत्या. मुलींच्या मैत्र्या बोलत राहिल्याने टिकल्या, मुलांच्या एकत्र काहीतरी करत राहिल्याने. तुम्ही "बोलणं सोडलं तर आमच्यात दुसरं काही नाहीच" असं लिहिलंय, त्याला मी कमी समजत नाही. ते पुष्कळ आहे.

(बायका जास्त बोलतात म्हणून असं होतं, असं कोणी म्हणेल म्हणून सांगून ठेवते: 2007 साली विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून मोजदाद झाली होती. बायका आणि पुरुष दोघेही दिवसाला साधारण 16,000 शब्द बोलतात असं निघालं.)

पण या बोलण्याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. अमँडा रोझ या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली शाळकरी मुलामुलींवर काम केलं. तीच तीच अडचण मैत्रिणीबरोबर पुन्हा पुन्हा उगाळली की मैत्री घट्ट होते, हे खरं निघालं. त्याचबरोबर उदासी आणि काळजीची लक्षणंही जास्त दिसली. घर गेलेल्या बाईला घरी तोच विषय, नातेवाइकांत तोच विषय, बँकेत तोच विषय. भांडुप ते सीएसएमटी हा पाऊण तास तिने त्यापासून मोकळा ठेवला असेल, तर तिला तो अत्यंत गरजेचा असणार.

आणि एक गोष्ट या परदेशी अभ्यासांत सापडत नाही, ती आपल्या डब्यातली आहे. टॅननबाई ज्या गप्पांबद्दल लिहितात त्या बहुतेक दोघींच्याच असतात, फोनवर किंवा घरात. आपल्याकडे तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकलेली ऐकते, समोर उभी असलेली ऐकते, दारातली सल्ला देते. डब्यात सांगणं म्हणजे एकीला सांगणं नव्हेच. तुमच्या मैत्रिणीला तुम्हाला सांगायचं असेल, पण तुम्हाला सांगण्यासाठी तिला ग्रुपला सांगावं लागलं असतं.

लेडीज_स्पेशल_बोरिवली

मी न सांगणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घरात लेडीज स्पेशलच्याच मैत्र्या. 5 मे 1992 ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासून माझी आत्या त्या गाडीने जायची, पुढे मी. तिच्या मैत्रिणी माझ्या लग्नात मांडवात राबल्या. त्यामुळे मला वाटायचं, इथे काहीही सांगावं.

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी सांगितलं. सगळ्या इतक्या प्रेमाने वागल्या की बस. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलतानाचा आवाज बदलला. खरेदीचा विषय निघाला की माझ्याकडे बघून थांबायच्या. मी कोणाशी तरी पदराला पाय लागला म्हणून वाद घातला, तर ती चक्क "असू दे, असू दे" म्हणून गप्प बसली. आधी तिने मला सोडलं नसतं. आणि नव्या वर्षाची भिशी सुरू झाली तेव्हा यादीत माझं नाव नव्हतं. "तुला या वेळी ओढाताण नको म्हणून आम्हीच ठरवलं गं." हेतू चांगलाच होता. पण मी त्या भिशीत माझ्या पगारातून भरत होते, माझा पगार चालूच होता. मला विचारलंही नाही. त्या संध्याकाळी मी उभ्याने घरी आले, बसायला जागा असून.

नवऱ्याला पुढे नोकरी लागली. ती बातमी मी सगळ्यांत शेवटी त्यांना दिली.

तुमच्या मैत्रिणीला मी ओळखत नाही, पण ठाण्याला उतरून तोच डबा का पकडायचा हे मला चांगलं कळतं. तिथे अजून कोणी तिच्याशी हळू आवाजात बोलत नव्हतं.

भिशी असेल तुमची, तर त्यातून तिला काढू नका. एवढंच सांगायला लिहिलं.

भांडुपकरीण

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. लालबागच्या ताई, तुमच्या सासूबाईंचं मी आमच्या घरी वाचून दाखवलं. माझी मुलगी ऐकून बराच वेळ काही बोलली नाही.

काय केलं ते सांगते. मला कळवाच्या ताईंचं जास्त पटलं होतं, पण पार्ल्याच्या ताईंनी लिहिलेलं डोक्यात होतं की डब्यात नको. म्हणून काल मी ऑफिसातून थोडी लवकर निघाले आणि दादरला उतरून भाजीवाल्यांपाशी तिला गाठलं. ती मटार घेत होती. मी म्हटलं, "मला कळलंय. तू सांगेपर्यंत मी काही विचारणार नाही. फक्त रात्री कधी उशीर झाला, गाड्या बंद पडल्या, तर आमच्याकडे उतरायचं. किल्ली शेजारी असते."

तिने पहिलं काय विचारलं असेल? "कोणी सांगितलं?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे." मी म्हटलं, मला माहीत आहे तेवढं मला माहीत आहे, बाकीच्यांचं जिने सांगितलं तिलाच विचारावं लागेल. मग आम्ही दोन गाड्या सोडल्या. पावसाळ्यात गाड्या बंद असतात तेव्हा बसतो तशा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो. मटार तिथेच सोलले, अर्धा किलो तरी असतील. सांगण्यासारखं आहे तेवढंच इथे लिहिते. घर विकण्याच्या सह्या करून ती त्याच दिवशी ऑफिसला गेली होती. बदलापूरच्या घरात पाणी बऱ्यापैकी आहे, हवा चांगली आहे, मुलाला अजून तिथे करमत नाही. ती बोलताना मला सारखं वाटत होतं की काहीतरी सुचवावं. माझ्या दिराची ओळख आहे, तिच्या नवऱ्याला काम मिळू शकेल. जिभेवर आलं होतं. बोलले नाही. "मग?" म्हणत राहिले, ताई, तुमच्या सासूबाईंसारखं, आणि खरंच ती बोलत राहिली.

शेवटी मी विचारलंच, की निदान मला का नाही सांगितलंस. तिने लगेच उत्तर दिलं, जणू तयारच होतं. म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू घाटकोपरला जागा घेतली नसतीस."

मी यावर काय बोलणार? घेतली नसतीच.

ती पुढे म्हणाली, घरात सध्या सगळे तिला काही ना काही देतायत. भाऊ पैसे देतो, जाऊ धान्य पाठवते. दिवसातून एकदा ती कोणाला तरी काहीतरी देते ती ही जागा.

बोरिवलीच्या ताई, भिशीचा विषय मी काढला नाही. तिनेच काढला. चालू ठेवणार आहे, आणि तिचा नंबर लागला की कशाला वापरायचे तेही तिने ठरवून ठेवलंय. ते मी लिहीत नाही.

आता एक व्यवहाराचं. ठाण्याला उतरून गाडी बदलण्यात तिचा रोज वीसेक मिनिटांचा तरी वेळ जातो, शिवाय तो पूल. थेट फास्ट पकडली तर झोप जास्त मिळेल. मीच तिला ते म्हटलं, खूप जड गेलं म्हणायला, कारण त्या वेळची फास्ट गाडी भांडुपला थांबत नाही आणि आमची सकाळ संपेल. ती विचार करते म्हणाली. संध्याकाळी बरोबर यायचं नक्की आहे. ग्रुपला काय सांगायचं ते ती ठरवेल आणि मी तेच सांगेन. जिने मला सांगितलं तिलाही मी एवढंच म्हटलंय की पुढे कोणाला बोलू नकोस. ती कुरकुरली, पण ऐकेल.

तर इथे बदलापूरहून सकाळी जाणारी कोणी आहे का? लेडीज डब्यात बसायला जागा मिळेल अशी गाडी कुठली, सीएसएमटीला साडेनवाच्या आत पोहोचवणारी?

बदलापूर_पूर्व

कर्जत-खोपोलीहून येणारी पकडू नका म्हणावं, ती इथे येतानाच भरलेली असते, चढायला मिळालं तरी उभं राहायचं. बदलापूरहूनच सुटणारी घ्यायची. गाडी फलाटावर लागायच्या आधी दहा मिनिटं येऊन उभं राहिलं तर जागा मिळते, नेहमीच्या बायका थोडं कुरबुरतील पहिले काही दिवस, ते मनावर घ्यायचं नाही. वेळापत्रक मध्ये मध्ये बदलतं, म्हणून नेमकी वेळ इथे लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते.

मी मधल्या लेडीज डब्यातच असते, सीएसएमटीच्या बाजूच्या दाराने चढते. खांद्याला निळी कापडी पिशवी असते. त्यांना म्हणावं, पहिल्या दिवशी मी जागा धरते. कुठून आल्या, का आल्या, काही विचारणार नाही.

भांडुपकरीण

निरोप मिळाला. तिला पाठवला आहे. सोमवारी एकदा जाऊन बघते म्हणाली.